ॲशकोमचा सहावा दोर

मी दोराला हात घातला, बाकीच्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "सावध..."

आणि वरून आवाज आला, "कृपा करून नको."

हॉपरिजच्या चर्चच्या मनोऱ्यात आम्ही पाचजण गोल करून उभे होतो. जानेवारीतला शनिवार होता. दुपार असूनही खिडकीत उजेड नव्हता. बाहेर पाऊस पडत होता की बर्फ, ते आभाळालाच ठरवता येत नव्हतं. आमच्या डोक्यावरची फळी उचलली गेली. आधी शिडीवर बूट उतरले, मग मळकी पँट, मग केसांत कबुतराची दोन पिसं अडकलेला एक माणूस.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"तुम्ही घंटा फिरवली असती, तर कोणीच नाही."

 पण तो हसत होता. त्याने खिशातून ओलं झालेलं एक पत्र काढलं. ते पत्र मीच लिहिलं होतं. आमच्या घंटावादक संघाच्या उत्तर शाखेत चौदा मनोरे, आणि त्या चौदाही मनोऱ्यांतल्या, घंटा टांगलेल्या लाकडी चौकटी त्या वर्षात तपासून घ्यायचं संघाने ठरवलं होतं. घंटा बसवणाऱ्या एका कारखान्याने त्यासाठी आपला सुतार पाठवला होता. तो हा.

"ब्रायनी प्रीस, चिटणीस, म्हणजे तुम्ही?" तो म्हणाला. "पत्रावरून मला साठीच्या बाई वाटल्या होत्या."

"का?"

"सहीखाली इतकी ठसठशीत रेघ तरुण माणूस मारत नाही."

"पेन गळकं आहे," मी म्हणाले.

"बरं झालं. मला उगाच भीती वाटत होती."

सहावा दोर रिकामाच होता, कारण तो ज्यांचा, ते नॉर्मन प्रॉसर खोकल्याने घरी होते. एमलिनने – त्याचं नाव एमलिन, डोंगरापलीकडचा, वेल्श – कोट खुंटीला लावला आणि न विचारता तो दोर धरला.

आमच्या कामात कानाइतकाच डोळा लागतो. घंटांचा क्रम दर फेरीला बदलतो. आपण कोणाच्या मागून ओढायचं ते त्याच्या दोराकडे पाहून ओळखायचं. त्या दुपारी त्याला बरेचदा माझ्या मागून यायचं होतं.

"तुम्ही माझ्याकडे फार बघता," चहाच्या वेळी मी म्हणाले.

"तुमच्या मागून वाजवायचं होतं. मग बघू कुठं?"

"दोराकडे."

"दोराकडेच बघत होतो," तो म्हणाला. "दोर कोणाच्या हातात आहे, त्यात माझा काय दोष..."

मी अंड्याचं सँडविच उचललं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. एकतीस वर्षांची होते मी. गेल्या चार वर्षांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, हे त्या क्षणी कळलं.

*

त्या चार वर्षांचं कारण घरी शेगडीजवळच्या खुर्चीत बसलेलं असायचं. माझे वडील, गॉडफ्री प्रीस. ॲशकोमच्या मनोऱ्याचे कप्तान. चौदाव्या वर्षी त्यांनी तिथला दोर पहिल्यांदा धरला, आणि त्या जूनमध्ये त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती. सगळ्यात जड, सहावी घंटा त्यांची. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलेलं.

आता त्यांना सकाळी न्याहारी केल्याचं दुपारी आठवत नसे. आई गेल्याचं तर मी त्यांना दर आठवड्याला नव्याने सांगत होते, आणि दर आठवड्याला ते नव्याने रडत होते. शेवटी मी सांगणं सोडलं. "बाजारात गेलीय," म्हणायचे. मग ते दाराकडे पाहत बसायचे.

पण बुधवारच्या सरावाला त्यांना मनोऱ्यात नेलं आणि हातात दोर दिला, की ते गॉडफ्री प्रीस व्हायचे. एक ठोका इकडचा तिकडे नाही. वाजवता वाजवता एखाद्याला दटावायचेही, "घाई कसली, तिला वर जाऊ दे, मग ओढ." घंटेला ते नेहमी 'ती' म्हणायचे. पाऊण तास मला माझे वडील परत मिळायचे. दोर खुंटीला अडकवला की ते पुन्हा जायचे.

एमलिन फेब्रुवारीत घरी आला तेव्हा मला वाटलं होतं, हा एकदा येईल. येणारे एकदाच यायचे. तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. डॅड त्याला दर वेळी नवं नाव द्यायचे.

"हा कोण?" ते विचारायचे.

"आज मी कोण होऊ?" एमलिन म्हणायचा.

"तू तो लोहाराचा पोरगा ना?"

"हो. बापाने सलाम सांगितलाय."

"लबाड होता तुझा बाप," डॅड खुशीत म्हणायचे, आणि दोघं लोहाराच्या लबाडीवर तासभर बोलायचे. मी स्वयंपाकघरात मटणाच्या शिजत्या पातेल्याजवळ उभी राहून ऐकायचे. एकदा मला हसू आलं आणि हसताना रडूही आलं. तो कधी येऊन दारात उभा राहिला ते कळलंच नाही.

"कांदा," मी म्हणाले.

"कांदा तिकडे टोपलीत आहे," तो म्हणाला. "न कापलेला."

 त्याने सुरी घेतली आणि कांदा कापायला घेतला... म्हणजे दोघांनाही कारण झालं.

*

एप्रिलमध्ये शाखेची सहल असते. एका दिवसात पाच गावं, पाच मनोरे, एक बस आणि बत्तीस माणसं. डॅडना शेजारणीकडे ठेवून मी गेले. चौथ्या गावात, दफनभूमीच्या भिंतीवर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. बाकीचे आत वाजवत होते; कोणीतरी सारखं चुकत होतं. सफरचंदाच्या बागा नुकत्या फुलायला लागलेल्या.

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" मी विचारलं. "वर्षभर कुजलेली लाकडं बघायची."

"कुजलेलं लाकूड खोटं बोलत नाही. टोचणी खुपसली की सांगतं, किती आत गेलंय ते." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमचं मात्र कळत नाही."

"मला टोचून बघायचंय?"

"नाही. विचारून बघायचंय." त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "ब्रायनी... 'तू' म्हणू का?"

मी हात काढून घेतला नाही. तेवढंच. तोंडाने हो म्हणायला मला जमत नव्हतं. हो म्हटलं की त्याच्यामागून काय काय येईल याचा हिशेब मी लगेच मांडायला बसले. डॅड, घर, बुधवार, औषधं. कोणाला काय देणार होते मी?

"नको बोलूस," तो म्हणाला. "मी थांबेन. मी सावकाश काम करणारा माणूस आहे."

परतीच्या बसमध्ये माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. मागच्या सीटवर नॉर्मन प्रॉसर सगळ्या रस्त्याला मुद्दाम मोठ्याने घोरण्याचं सोंग करत होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. तेव्हाही मला तो दिवस हातातून जाताना दिसत होता.

*

मेच्या चोविसाव्या तारखेला तो आमच्या, ॲशकोमच्या मनोऱ्यात चढला. मी खाली थांबले होते. तो उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती.

"मोठी तुळई," तो म्हणाला. "भिंतीत शिरते तिथे. पाणी मुरलंय, आणि पाण्यामागून भुंगेरे. टोचणी मुठीपर्यंत आत गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे आजच सांगायला हवं. उद्या रविवारी सकाळी इथे कोणी दोराला हात लावायचा नाही."

"किती दिवस?"

"चौकट सगळी नवी लागेल. दोन वर्षं. तीनही लागतील."

मी दगडी बाकावर बसले. चौदा जूनला डॅडची साठ वर्षं होती. सगळी शाखा येणार होती. सहाजण सलग पाऊण तास वाजवणार, बाराशे साठ फेऱ्या, न थांबता. डॅडना ते रोज नव्याने सांगायचे मी, आणि ही एकच बातमी अशी होती की ती ऐकून ते रोज नव्याने हसायचे.

"तीन आठवडे," मी म्हणाले.

"काय?"

"तीन आठवडे थांब. चौदा तारखेनंतर सांग. तू म्हणालास ना, सावकाश काम करतोस."

"ब्रायनी, असं नसतं ते."

"किती वर्षांपासून कुजतेय ती तुळई? वीस? वीस वर्षं टिकली, तीन आठवडे नाही टिकणार?"

"टिकेल. कदाचित. त्या कदाचितसाठीच मला पाठवलंय इथे."

"दोन वर्षांनी त्यांना दोर म्हणजे काय तेही आठवणार नाही," मी म्हणाले. "ते वाजवतात तेवढ्यापुरते मला वडील आहेत, एमलिन. तेवढंच उरलंय. तू ते आज काढून घेणार?"

हे मी त्याला म्हणाले. तो काय करेल ते माहीत असताना म्हणाले. जानेवारीपासून ज्याने मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं, त्याच्यापुढे मी हे ठेवलं... आणि त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदा, आपण होऊन.

तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होता.

"मी टेकू लावीन," तो शेवटी म्हणाला. "मधले सगळे सराव आणि रविवारचं वाजवणं इथे नको, हॉपरिजला घे. त्या दिवसापुरतं. आणि संध्याकाळी मी कळवणार."

"चालेल."

"चालणार नाही," तो म्हणाला. "पण करतो."

पुढच्या आठवड्यात त्याने एकट्याने ओकचे दोन खांब वर चढवले आणि तुळईखाली ठोकून बसवले. कोणाला विचारलं असतं तर तपासणीचं सामान म्हणाला असता. कोणी विचारलं नाही.

*

चौदा जूनला ऊन होतं. डॅडना मी निळा कोट घातला. चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडून झाली होती. स्ट्रॉबेऱ्या, केक, भल्या मोठ्या किटलीतला चहा. डॅड सगळ्यांशी हात मिळवत होते आणि कोणालाच ओळखत नव्हते, पण इतक्या रुबाबात, की कोणाच्या लक्षात येऊ नये.

पहिल्या दोरावर मी, पाचव्यावर एमलिन, सहाव्यावर डॅड. एमलिन त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हता. तो सारखा वर छताकडे बघत होता.

"सावध," मी म्हणाले. "निघाली... गेली."

चाळीस मिनिटं. तसं मी पूर्वी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतर कधी वाजवणार नाही. डॅड तरुण दिसत होते. एकदा तर त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. मी दहा वर्षांची असताना मिचकावायचे तसा. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठी काहीही चाललं असतं.

मग वर काहीतरी करकरलं. मोठा आवाज नव्हता. जुनं कपाट सरकवताना होतो तसा.

"थांबा," एमलिन ओरडला. "सोडा. सगळे दोर सोडा."

आम्ही पाचजणांनी सोडले. चौकट एका बाजूला खचली, सहावी घंटा वेडीवाकडी उलटली आणि तिचा दोर सरसरत वर निघाला. अशा वेळी काय करायचं ते डॅड प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवायचे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका: ती जायला लागली तर तिला जाऊ द्या. हात उघडा.

त्यांनी हात उघडला नाही.

दोर त्यांना पुरुषभर वर घेऊन गेला, आणि मग सुटले ते दगडी फरशीवर.

*

खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि मनगटही. शस्त्रक्रियेनंतर ते जे जागे झाले ते पूर्ण जागे झालेच नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हॉलमध्ये चौकशी बसली. नॉर्मन प्रॉसर शाखेचे अध्यक्ष म्हणून होते, चर्चचे दोन विश्वस्त होते, विम्याचा एक माणूस होता. मी चिटणीस, म्हणून टिपणं घ्यायला मी.

"तुळई कुजल्याचं तुम्हाला कधी कळलं?" विम्याच्या माणसाने विचारलं.

"चोवीस मेला," एमलिन म्हणाला.

"आणि कळवलं नाहीत. का?"

"टेकू पुरेल असं वाटलं. अंदाज चुकला."

"हे आणखी कोणाला माहीत होतं?"

मी मान वर केली. माझं तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि किंचित, अगदी किंचित मान हलवली.

"कोणालाही नाही," तो म्हणाला.

आणि मी ते लिहून घेतलं. 'श्री. एमलिन यांनी मान्य केले, की ही बाब त्यांच्याखेरीज कोणासही ठाऊक नव्हती.' माझ्या अक्षरात. खाली सही केली.

बाहेर तो त्याच्या गाडीत अवजारं भरत होता. कारखान्याने त्याला काढून टाकलं होतं.

"तू का..." मी म्हणाले.

"तुला याच गावात राहायचंय," तो म्हणाला. "रोज दवाखान्यात जायचंय. रोज यातल्या कोणाच्या तरी गाडीतून. मला काय, मी डोंगरापलीकडचा."

"मी आत जाऊन सांगते त्यांना. आत्ता."

"मग सांग," तो म्हणाला, आणि थांबला.

तो खरंच थांबला. गाडीचं दार उघडं धरून, मला वाटतं, मिनिटभर तरी. मी हॉलच्या दाराकडे पाहिलं. आतून बशा गोळा केल्याचा आवाज येत होता. माझे पाय हलले नाहीत.

तो हसला; जानेवारीत हसला होता त्याच्याहून अगदी वेगळं. "असू दे," म्हणाला. गाडी गेली.

*

डॅड ऑक्टोबरात गेले. न्यूमोनिया. शेवटच्या दिवसांत ते मला नर्स समजायचे आणि फार अदबीने वागायचे. एकदा संध्याकाळी म्हणाले, "बाई, इथे एक वेल्श मुलगा यायचा. कुठं गेला तो?"

इतक्या महिन्यांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच बरोबर ओळखलं होतं.

"कामाला गेलाय," मी म्हणाले.

"चांगला मुलगा," ते म्हणाले. "माझी मुलगी त्याच्याकडे बघते. मला कळत नाही असं वाटतं तिला."

ॲशकोमच्या मनोऱ्याला कुलूप होतं. त्यांच्या दफनाला घंटा वाजल्या त्या हॉपरिजला, दोन मैलांवरून. अशा वेळी घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामडं बांधतात. मग एक ठोका खणखणीत येतो आणि दुसरा दबलेला, लांबून कोणी उत्तर दिल्यासारखा. मला वाजवायला बोलावलं होतं. मी गेले नाही. वारा उलटा होता, मला फक्त खणखणीत ठोके ऐकू आले. दबलेले आलेच नाहीत.

एमलिनला मी पत्र टाकलं होतं. तो आला नाही. नंतर शेजारीण म्हणाली, दफनभूमीच्या भिंतीपलीकडे एक माणूस टोपी हातात घेऊन उभा होता, सगळे निघायच्या आधीच गेला.

लोक माझ्याशी फार चांगले वागले. तेच मला सोसवत नव्हतं. ते ब्रेडचे लोफ आणून द्यायचे, सूप आणायचे, आणि दारातून निघताना म्हणायचे, "त्या सुताराला कधी क्षमा नाही." मी सूपचं भांडं हातात धरून 'हो' म्हणायचे. किती वेळा म्हणाले असेन... मोजलं नाही.

*

जानेवारीत शाखेची वार्षिक सभा असते. चिटणीस वर्षाचा अहवाल वाचतो. पन्नास-एक माणसं होती. मी वाचत गेले: किती सराव झाले, किती नवे शिकले, एप्रिलच्या सहलीला किती आले. हॉपरिज स्पर्धेत दुसरं. मग जून आला.

कागदावर लिहिलं होतं, 'ॲशकोम येथे दुर्दैवी अपघात'. मी कागद खाली ठेवला.

"अपघात नव्हता तो," मी म्हणाले. "तुळई कुजल्याचं मला माहीत होतं. एमलिनने मला त्याच दिवशी सांगितलं. तो लगेच कळवायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. तीन आठवडे मागून घेतले. त्याने जुलैत खोटं सांगितलं ते माझ्यासाठी, आणि मी ते खोटं लिहून घेतलं. माझे वडील माझ्यामुळे गेले. आणि त्या माणसावर माझं प्रेम आहे, हे त्यालाही मी कधी सांगितलं नाही."

  पुढच्या रांगेतल्या एक बाई, ज्या मला दर मंगळवारी सूप आणायच्या, त्या आपल्या हातमोज्यांकडे बघत होत्या.

नॉर्मन प्रॉसर यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. डॅडबरोबर त्यांनी चाळीस वर्षं वाजवलं होतं.

"हे इतिवृत्तात घ्यायचं का, ब्रायनी?" ते हळूच म्हणाले.

"घ्यायचं," मी म्हणाले. आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं, कारण त्यापुढचं मला लिहायचं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी नॉर्मननी कारखान्याला आणि विम्यालाही पत्र धाडलं. मी तीन बस बदलून डोंगरापलीकडे गेले. एमलिन एका आवारात फाटकं बनवत होता. मेंढ्यांच्या कुरणांना लागतात ती. मला पाहून त्याने रंधा खाली ठेवला. बारीक झाला होता.

"नॉर्मनने फोन केला," तो म्हणाला. "सगळं सांगितलं."

"हो."

"हे माझ्यासाठी केलंस, की तुला झोप यावी म्हणून?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "झोप यावी म्हणून," मी म्हणाले. "पण इथे आले ती तुझ्यासाठी."

त्याने मला फळीवर बसायला जागा करून दिली आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतला. हात भुशाने पांढरे झाले होते. किती तरी वेळ आम्ही एकाच झाकणातून आळीपाळीने चहा पीत होतो.

"मी मनोऱ्याकडे बघू शकत नाही आता," तो म्हणाला. "रस्त्यात आला तर मान खाली घालतो. दुसरा कोणीही असता, कोणीही, तरी मी त्याला त्याच दिवशी नाही म्हटलं असतं. तुला नाही म्हणता आलं नाही. आणि तू मला कधी हो म्हणाली नाहीस."

"आता म्हणते."

"ऐकलं मी. पन्नास माणसांपुढे म्हणालीस." तो जरासा हसला. "मलाच तेवढं वगळून."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, एमलिन."

त्याने डोळे मिटले. मिटलेलेच ठेवून म्हणाला, "माझंही आहे. गेलेलं नाही. जावं म्हणून फार खटपट केली. पण तुझा आवाज आला की पाठोपाठ मला फरशीवरचा तो आवाज येतो. आत्ताही आला. तुला नाही येत?"

"येतो," मी म्हणाले.

"मग एका घरात आपण तो दोघांनी मिळून ऐकायचा?"

 चहा संपला होता.

तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. साडेतीनच वाजले होते, पण डोंगराच्या सावलीत रस्ता आधीच निळा झाला होता. वाटेत त्याने माझा हात धरला. बस आली, दार उघडलं. तो हात सोडेना.

"यानंतरची किती वाजता?" त्याने ड्रायव्हरला विचारलं.

"यानंतर नाही," ड्रायव्हर म्हणाला. "आजची ही शेवटची. मग एकदम सोमवारी."

एमलिनने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्याचे ओठ हलले, आणि मी, देवा, मी वाट पाहिली. इंजिन घुरघुरत होतं. आतली एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होती.

"बाई, यायचंय का?" ड्रायव्हर म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने.

एमलिनने माझी बोटं एकेक करून सोडवली, थंडीत आखडलेली बोटं सोडवतात तशी, जपून.

"जा," तो म्हणाला. "बस खिडकीशी. उजव्या बाजूला बस, नदी दिसते."

मी उजव्या बाजूला बसले.